पूलमध्ये समोरचा मुद्दाम सैल रॅक लावतोय असं वाटलं तर काय करावं?

तुमच्या क्लबात नाइन-बॉल (एक ते नऊ नंबरचे बॉल, लहान नंबर आधी) खेळताना हरलेला रॅक लावतो, म्हणजे बॉल एकमेकांना चिकटवून मांडतो, आणि जिंकलेला ब्रेक करतो, म्हणजे पहिल्या फटक्याने तो गठ्ठा फोडतो. एक जण तुमच्यासाठी रॅक लावतो तेव्हा बॉल नीट फुटतच नाहीत, आणि तुम्ही वाकून बघितलंत की त्याला राग येतो. असं तपासणं असभ्य आहे का आणि मुळात रॅक कोणी लावावा, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

तपासणं अजिबात असभ्य नाही. ब्रेक तुमचा, तेव्हा रॅक बघायचा हक्क तुमचाच. फक्त हात लावायचा नाही. 'मी रॅक लावलाय म्हणजे लावलाय' असं कोणी ऐकवत असेल तर उद्धटपणा त्याचा आहे, तुमचा नाही.

पण काय बघायचं ते माहीत हवं, नाहीतर उगाच शंका घेत बसाल. नऊ बॉलच्या रॅकमध्ये (1-2-3-2-1 अशा ओळी) 16 ठिकाणी बॉल एकमेकांना टेकतात. सगळे बॉल तंतोतंत एकाच मापाचे असले तरच हे सोळाच्या सोळा सांधे बंद होतात. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, म्हणजे साधारण 57 मिलिमीटरचा. झिजलेल्या सेटमध्ये किंवा दोन सेट एकत्र झालेले असतील तिथे (आपल्याकडच्या पार्लरमध्ये हे सर्रास दिसतं) केसाएवढा फरक पडतोच, आणि मग कुठला तरी एक सांधा उघडा राहणारच. तुम्ही रॅक लावा, त्याने लावू दे, नाहीतर मार्करने (टेबल सांभाळणाऱ्याने). तेव्हा एखादी फट दिसली म्हणजे लबाडी झाली असं समजू नका. फट कुठे आहे ते बघा.

पहिली जागा म्हणजे एक नंबरच्या बॉलमागचे दोन बॉल. ते दोन्ही एकला टेकलेच पाहिजेत. तिथे फट असली तर व्हाइटचा सगळा जोर एकवरच जातो आणि मागचा गठ्ठा जागच्या जागी हलल्यासारखा करून बसतो. कॅरममध्ये सोंगट्या सैल लावल्या की स्ट्राइकरचा जोर मधेच विरतो, तोच प्रकार. दुसरी जागा मधल्या तीनच्या ओळीतले दोन टोकांचे बॉल, म्हणजे विंग बॉल. यांच्यातच खरी मेख आहे. एकचा बॉल स्पॉटवर (रॅक लावायच्या टेबलावरच्या खुणेवर) असेल, रॅक घट्ट असेल आणि ब्रेक समोरून भरीव बसला, तर विंग बॉल त्याच्या बाजूच्या कोपऱ्यातल्या पॉकेटकडे जवळपास सरळ निघतो. तोच बॉल शेजारच्या नऊपासून किंवा पुढच्या बॉलपासून किंचित सुटा असेल तर तो कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) आदळतो आणि एकही बॉल न जाता तुमचा ब्रेक कोरडा जातो. ज्याला फसवायचंच आहे तो हीच जागा सैल ठेवतो, कारण वरून बघणाऱ्याला रॅक अगदी नीट दिसतो. म्हणून उभ्याने बघू नका. रॅकच्या मागे जा, नजर बॉलच्या उंचीला आणा आणि दोन बॉलमधून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघा. जाता जाता रॅक स्पॉटवर सरळ आहे का तेही बघा, कारण जरासा तिरका लावला तरी ब्रेकचा नेम बिघडतो.

फट दिसली तर जागा दाखवून सांगा: 'अरे, एकच्या मागे डावीकडचा बॉल सुटलाय, जरा परत लावतोस?' नुसतं 'परत लाव' म्हटलं की समोरचा ते आरोप म्हणून घेतो. जागा दाखवली की ते काम होतं. दुसऱ्यांदा सांगायला हरकत नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं तर वाद न घालता मार्करला हाक मारा: 'दादा, हा रॅक जरा लावून द्या.' आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. समोरचा लयीत आला की दरवेळी रॅक परत लावायला लावून त्याचा खेळ तोडणारेही असतात. तीही लबाडीच, फक्त तिला रागावणारं कोणी नसतं.

आता रॅक कोणी लावावा. स्वतःचा रॅक स्वतः लावला की भांडण मिटेल असं वाटतं. सैल रॅकचं मिटतं, पण दुसरं सुरू होतं. ज्याला विंग बॉल जातो हे कळतं, त्याला तिथे कुठला नंबर ठेवायचा आणि दोन आणि तीन नंबरचे बॉल कुठे ठेवले तर ब्रेकनंतर सोयीच्या जागी येतात हेही कळतं. नियम सांगतो की एक पुढे, नऊ मधोमध आणि बाकीचे कुठलीही रचना मनात न ठेवता. काही स्पर्धांत दोनचा बॉल मागच्या टोकाला ठरवून टाकतात, म्हणजे तेवढी एक पळवाट बंद. सलग चार रॅकमध्ये त्याच जागी तेच नंबर दिसले तर तो योगायोग नव्हे, हे तोंडावर सांगायला हरकत नाही.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे टेम्पलेट. कागदासारखी पातळ प्लास्टिकची पट्टी असते, मॅजिक रॅक या नावाने लोक ओळखतात. तिच्या खाचांमध्ये बॉल आपोआप एकमेकांना टेकून बसतात. ब्रेक झाला की पट्टी उचलून घ्यायची. तिच्यावर बॉल थांबला असेल तर तो हलेपर्यंत तशीच राहू द्यायची. क्लबातल्या चौघांनी मिळून एक घेतली तरी तुमच्यासारख्यांची निम्मी कुरबूर थांबते. ती मिळेपर्यंत ट्रायँगल (रॅक लावायची तिकोनी चौकट) वापरताना बॉल आधी पुसून घ्या, मागच्या ओळीमागे बोटं घालून सगळा गठ्ठा एकदम पुढे सरकवा, बोटांनी दाबून धरा आणि मग ट्रायँगल अलगद उचला. बसत नाही म्हणून वरून दुसऱ्या बॉलने टकटक ठोकायची सवय सोडा. त्याने कापडात खळगे पडतात आणि पुढे बॉल त्याच खळग्यांत घरंगळतात. जागतिक नियमावलीही ठोकण्याऐवजी ती जागा ब्रशने साफ करायला सांगते.

गंमत अशी की रॅक अगदी घट्ट लागला म्हणून तो न्याय्य झाला असंही नाही. 2001 च्या यूएस ओपन नाइन-बॉलमध्ये अमेरिकेच्या कोरी ड्यूएलने जोर न लावता हळू ब्रेक करून विंग बॉल घालण्याचं तंत्र असं चालवलं की अंतिम सामन्यात माइक सिगेलसारख्या दिग्गजाला 11-0 ने हरवलं. त्यात लबाडी काहीच नव्हती. रॅक घट्ट असला की विंग बॉल कुठे जातो हे ठरलेलं असतं, ते त्याने नीट वापरलं. पण मग ब्रेकमध्ये कौशल्य किती उरलं, हा प्रश्न आयोजकांना पडला. म्हणून पुढे काही स्पर्धांनी ब्रेकनंतर किमान तीन बॉल पॉट व्हावेत किंवा टेबलाची वरची रेषा (जिच्या मागून ब्रेक करतात ती) ओलांडावेत अशी अट घातली. आता मोठ्या स्पर्धांत बऱ्याचदा एकऐवजी नऊचा बॉल स्पॉटवर ठेवतात. त्याने सगळा रॅक ब्रेक करणाऱ्याच्या दिशेने साधारण 10 सेंटिमीटर सरकतो आणि विंग बॉल पॉकेटला चुकतो. तुमच्या क्लबात एकदा करून बघा. 'माझा ब्रेक भारी आहे' म्हणणारे दोघे-तिघे तरी गप्प होतील.

एट-बॉलमध्ये रॅकवरून एवढं रामायण होत नाही. आठ मधोमध, म्हणजे तिसऱ्या ओळीत मध्ये, मागच्या दोन कोपऱ्यांत एक छोटा (1 ते 7) आणि एक मोठा (9 ते 15), बाकी कसेही. कडेने छोटा-मोठा-छोटा-मोठा लावलाच पाहिजे असा हट्ट धरणारे खूप भेटतात, पण तसा नियम नाही. मात्र आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी 'ब्रेकवर आठ गेला की गेम' (म्हणजे ब्रेक करणारा जिंकला) असं चालतं. जागतिक नियमात तसं नाही: आठ परत स्पॉटवर ठेवून खेळायचं की पुन्हा ब्रेक घ्यायचा, हे ब्रेक करणारा ठरवतो. तुमच्या टेबलावर जर आठ गेला की गेम असेल आणि त्यात स्वतःचा रॅक स्वतः लावायची मुभाही असेल, तर आठच्या आजूबाजूच्या फटी आवर्जून बघा. बाजूने दुसऱ्या ओळीवर ब्रेक मारून आठ मधल्या पॉकेटकडे पाठवायचा प्रयत्न करणारे असतात.

तुमच्या त्या गड्यापुरतं सांगायचं तर हरणारा टेबलाचे पैसे देतो अशा गेममध्ये मी त्याच्याशी आधीच ठरवून घेईन: ब्रेक आळीपाळीने, रॅक मार्करने किंवा टेम्पलेटने, आणि ब्रेक करणाऱ्याला एकदा बघायची मुभा. याला तो तयार नसेल तर त्याच्याशी पैशांवर खेळू नका, नुसतं खेळा.