सोलापुरात राहून इतर डेव्हलपरांसोबत सॉफ्टवेअरची कारागिरी कशी शिकता येईल?

त्यासाठी पुणे गाठण्याची गरज नाही. रविवारी चार-पाच जणांना बसण्याइतकी जागा, दोन लॅपटॉप आणि आपला कोड दुसऱ्याला दाखवण्याची तयारी पुरेशी आहे. २००९ पासून रूढ झालेल्या ‘कोड रिट्रीट’मध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या सराव-बैठकीत, जोडीने बसून गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ (शेजारच्या जिवंत चौकटी मोजून प्रत्येक चौकट जगते की मरते हे ठरवण्याचा खेळ) ४५ मिनिटे, आधी टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड) लिहून, सोडवायचा असतो आणि वेळ संपताच, काम अर्धवट असले तरी, सगळा कोड पुसून जोडीदार बदलायचा असतो. हे पुसणे जिवावर येते, पण काम उरकण्याची घाई त्यामुळेच सुटते. जुळे सोलापुरातल्या आमच्या बैठकीत माझ्या ‘डेटा२’ या व्हेरिएबलचा अर्थ जोडीदाराने विचारला, तेव्हा मलाही तो चटकन सांगता आला नाही. त्याचे नाव ‘जिवंत शेजारी’ असे बदलल्यावर पुढची अट त्याने न विचारता लिहिली.