ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाजवळच्या माटसायकर बेटावर राखणीला जाताय?

सहा महिन्यांचा किराणा जवळपास एकदाच हेलिकॉप्टरने जातो, तेव्हा यादी करताना हात आखडता घेऊ नका. पण पॅकिंग डोळ्यांत तेल घालून करा. टास्मानियाच्या त्या दक्षिण टोकाला एखादा उंदीर पोचला तरी पक्ष्यांचं वाटोळं होईल. बाहेरचं बीही तिथे जायला नको, म्हणून बुटांचे तळवे ब्रशने घासा, जाकिटाच्या वेल्क्रोत गवताची कुसळं हमखास अडकतात, ती चिमट्याने काढा.

नुसते सील बघत बसू, हे डोक्यातून काढा. हवामानाच्या नोंदी, गवत कापणं, तण उपटणं, १८९१च्या दीपगृहाची झाडलोट, यात दिवस जातो. सप्टेंबरअखेर शिअरवॉटर, म्हणजे बिळात घरटं करणारे समुद्रपक्षी, आले की पायवाट सोडायची नाही. जमीन त्यांच्या बिळांनी पोखरलेली असते, पाय खचला की घरटं गेलं. रात्री कालवा करतात हो! कानात घालायला बोळे न्या.