एनआयसीयूमधील बाळाचा धोका कशावरून ठरतो?

प्रश्न : माझ्या बहिणीची प्रसूती तिसाव्या आठवड्यातच झाली. बाळाचे वजन १२०० ग्रॅम असून ते एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. डॉक्टर ‘धोका आहे’ एवढेच सांगतात. हा धोका केवळ वजनामुळे आहे का? आपलेच काही चुकले, असे बहिणीला सारखे वाटते आहे.

उत्तर : वजनाला महत्त्व आहेच, परंतु त्याआधी पाहिले जाते ते बाळाचे किती दिवस भरले आहेत हे. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. त्यातही अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो, त्यामुळे तुमच्या भाचरासाठी ते दोन आठवडेही मोलाचे आहेत. फुप्फुसांतील हवेचे सूक्ष्म फुगे मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ अशा बाळांत पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणूनच बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत यासाठीची स्टेरॉइडची इंजेक्शने प्रसूतीपूर्वी आईला मिळाली होती की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

जन्मतः न रडलेले व मेंदूला प्राणवायू कमी पडलेले बाळ, हृदयासारख्या अवयवातील गंभीर जन्मजात दोष, तसेच प्रसूतीच्या बऱ्याच आधी गर्भजल गेल्यामुळे झालेला संसर्ग, ही धोक्याची इतर मोठी कारणे होत.

एका साध्या गोष्टीकडे मात्र अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही, याची मला खंत वाटते, आणि ती म्हणजे दाखल होतानाचे तापमान. ते ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असायला हवे. त्वचेखाली चरबी नसलेले ओले बाळ काही मिनिटांतच गार पडते, मग ऊब टिकवण्यासाठी प्राणवायू आणि साखर जास्त खर्च होते, रक्तातील साखर उतरते आणि आधीच अवघड असलेला श्वास आणखी अवघड होतो. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना हे हमखास घडते.

पहिले काही दिवस निभावले, की मुख्य भीती जंतुसंसर्गाची. दूध न पचणे, पोट फुगणे, श्वास मध्येच थांबणे किंवा बाळ मलूल पडणे ही त्याची लक्षणे असू शकतात, आणि त्यांवर परिचारिकांची नजर असते. आईचे दूध, थेंब थेंब नळीतून दिले तरीही, संसर्गापासून आणि आतड्यांच्या गंभीर आजारापासून संरक्षण देते. म्हणून बहिणीने रात्रीसुद्धा नियमितपणे दूध काढत राहावे. अशा बाळांना शक्य तितक्या लवकर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासूनची शिफारस आहे.

बहिणीला हे जरूर सांगा, की वेळेआधी कळा का सुरू होतात याचे कारण अनेकदा तपासण्या करूनही सापडत नाही, आणि जिने काम केले, प्रवास केला किंवा काळजी केली, तिच्यावर त्याचा ठपका ठेवता येत नाही. डॉक्टरांना मात्र नेमके विचारा : बाळाला श्वासासाठी किती आधार लागतो आहे, तो कालच्यापेक्षा कमी झाला का, दूध पचते आहे का, आणि कांगारू पद्धतीने छातीशी धरणे कधी सुरू करता येईल?