बॉल पायथन (घरी पाळला जाणारा छोटा अजगर) दीड महिना काही खात नाही, कातही तुकड्यातुकड्यांनी निघते. काय करू?

या दोन तक्रारी मला वेगळ्या वाटत नाहीत. माझ्या मादीने चार महिने उपास धरला होता. मी दर तीन दिवसांनी उंदीर तिच्यापुढे हलवायचो आणि ती आणखीच बुजायची. खोट निघाली तिला ठेवलेल्या पेटीत.

म्हणून आधी पेटी बघा. उबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२६. काचेवर चिकटवलेल्या तापमापकाच्या तबकडीवर विसंबू नका, तापमापकाचा प्रोब (तारेच्या टोकाचा संवेदक) पेटीच्या जमिनीवर ठेवून मोजा. हीटर थर्मोस्टॅटवरच (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप आवरणारं उपकरण) हवा. दोन्ही टोकांना एकेक लपण ठेवा, तेही वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकेल इतकं अरुंद. माझ्याकडे ऐसपैस गुहा होती. ती काढून एका बाजूने कापलेला छोटा डबा उपडा ठेवला, तर त्याच रात्री ती आत जाऊन बसली.

मग आठवडाभर सापाला हात लावू नका. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या आणि देण्याआधी पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह मुळीच नको. ओठांवरच्या बारीक खड्ड्यांनी या सापाला भक्ष्याची ऊब कळते, गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. संध्याकाळी दिवे मंद करून लांब चिमट्याने लपणाच्या तोंडाशी धरा. जीभ भराभर आतबाहेर होऊन मान इंग्रजी एससारखी आखडली की तुमचा हात अजिबात हलू देऊ नका. नाहीच घेतला, तर आठ-दहा दिवस पुन्हा उंदीर पुढे करू नका.

डोळे दुधाळ निळसर झाले की कात जवळ आली. तेव्हा बहुतेक साप खात नाहीत, काळजी नको. एरवी साठ टक्क्यांच्या आसपास असलेली आर्द्रता तेवढे दिवस सत्तरच्या पुढे न्या आणि ओल्या शेवाळाचा एक डबा आत ठेवा. चिकटलेली कात ओढू नका, शेपटीच्या टोकाची तर नाहीच. साप कोमट ओल्या टॉवेलमध्ये अर्धा तास फिरू द्या, कात सुटते.

दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. मोठा निरोगी साप काही महिने उपाशी राहू शकतो, पण वजन दहा टक्क्यांनी घटलं किंवा तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला लगेच दाखवा.

पुढची कात उजेडात धरून डोक्याकडचा भाग बघा. डोळ्यांच्या जागी दोन गोल पारदर्शक चकत्या दिसायला हव्यात. नसतील, तर त्या डोळ्यांवरच राहिल्या आहेत. नखाने काढू नका; ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट बघा, आणि तेव्हाही निघाल्या नाहीत तर डॉक्टरांकडून काढून घ्या.