कोविडच्या काळात शिक्षकांनी स्वतःची तब्येत कशी सांभाळली? त्यातल्या कोणत्या सवयी टिकल्या?

मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा बंद म्हणजे शिक्षक घरी बसून होते, असं निदान आमच्याकडे तरी झालं नाही. 2020 मध्ये चाकरमानी गावी यायला लागले तेव्हा शाळांमध्येच विलगीकरण कक्ष झाले. कुणाची ड्युटी तपासणी नाक्यावर लागली, कुणाची ग्राम कृती दलात. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सरकारची आरोग्य सर्व्हेची मोहीम सुरू झाली आणि थर्मल गन, ऑक्सिमीटर घेऊन पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, चढत-उतरत घरोघर फिरणं आलं. त्यामुळे व्यायाम कुठला केलात, असं विचाराल तर पायांना भरपूर झाला. वाट लागली ती मानेची, डोळ्यांची आणि झोपेची.

झोपेचं कारण सांगते. बहुतेक घरांत मोबाइल एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर. ते परत आले, जेवणं झाली, की मग गृहपाठाचे फोटो यायचे, तेही रेंज असेल तर. अकरा वाजले तरी टुंगटुंग चालूच. शेवटी पालकांना सांगून टाकलं, कधीही पाठवा, मी सकाळीच बघणार. नऊला फोन स्वयंपाकघरात ठेवायचा आणि आपण दुसऱ्या खोलीत झोपायचं. एकदोघे नाराज झाले, पण मला झोप लागायला लागली. ही सवय आजही आहे.

खाण्यात फार काही केलं नाही. सर्व्हेच्या दिवशी लोकांकडे चहापाणी बंद, म्हणून निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज पोटभर आणि पाण्याची बाटली घरची. काढ्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. मिरी-दालचिनी-सुंठ दिवसातून तीनदा घेऊन स्टाफमधल्या निम्म्यांना पित्त झालं. वाफेचंही तसंच, नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हा मास्कमधून ओरडून ओरडून घसा बसायचा. मग मुलांना अर्धगोलात जवळ, पण अंतर ठेवून बसवायचं, गप्प करायला टाळी वाजवायची आणि घोटघोट कोमट पाणी प्यायचं. टाळी अजून चालते.

एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. अख्ख्या वाडीची बोटं ऑक्सिमीटरमध्ये घालताना आपलं बोट तपासायचं राहूनच जायचं. शेवटच्या घरातून निघालो की आम्ही एकमेकींचं बघायचो. ऑक्सिजन 94 च्या खाली आलं तर घरी न जाता थेट आरोग्य केंद्रात, असं ठरलेलं होतं. बीपीच्या गोळ्यांचंही तेच. एसटी बंद, औषधांचं दुकान लांब, म्हणून महिन्याभराच्या गोळ्या आधीच आणून ठेवायच्या.

तुम्ही शिक्षक असाल तर बीपी महिन्यातून एकदा तरी मोजा. मी पगाराच्या दिवशी मोजते, तारीख लक्षात राहते. पगार लांबला असेल तर मात्र थांबा, तेव्हा ते जास्तच येतं.