डाळिंबाचा हस्त बहार: इथ्रेल किती मारायचे आणि कुणाच्या सांगण्यावरून?

सांगोला, आटपाडी, माण, सटाणा या पट्ट्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे इथ्रेलचे आहेत आणि त्या प्रत्येकात "दुकानदार असं म्हणतो" हे वाक्य आहे. हस्त बहार म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलोरा आणणारा बहार; त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि इथ्रेल फवारून पाने गाळतात. त्यामुळे सुरुवात तिथूनच.

प्रश्न: भगवा जातीची चार वर्षांची बाग, मध्यम जमीन. पंचवीस दिवस ताण झाला, मधे दोन मोठे पाऊस पडले. पाने अजून हिरवी आहेत. दुकानदार 15 लिटरच्या पंपाला 60 मिली इथ्रेल मारा म्हणतो. मारू का?

मारू नका. 60 मिली म्हणजे लिटरला 4 मिली झाले. इथ्रेल म्हणजे 39 टक्के इथेफॉन, त्याचे प्रमाण लिटरला 1 ते 2 मिली, म्हणजे तुमच्या पंपाला 15 ते 30 मिली. त्यातही 30 ही वरची मर्यादा, तीही ताण नीट बसलेला असेल तरच. ताण बसलेला नाही म्हणून डोस वाढवायचा, हे गणितच उलटे आहे.

इथेफॉन पानात गेले की इथिलीन सुटते. पिवळे पडलेले, पिकलेले पान त्यामुळे देठापाशी सुटते. हिरवे पान तसे सुटत नाही, त्याला जबरदस्तीने पाडायला गेलात तर पान पडायच्या आधी शेंडे वाळतात, काडीवरचे डोळे मरतात आणि फूट लांबते. निघाली तरी एकसारखी निघत नाही. एकाच झाडावर कळीही आहे, लिंबाएवढे फळही आहे, अशी बाग फवारायची कशी आणि तोडायची कधी? ऊन कडक असताना तेच प्रमाण झाडाला जास्त बाधते, म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. द्रावण कालवून ठेवू नका. क्षारयुक्त पाण्यात इथेफॉन टाकीतच कमजोर व्हायला लागते आणि मग "औषध लागलं नाही" म्हणून दुसरा हात मारला जातो. दुसरा हात मारू नका.

तुम्ही काय करायचे? पाऊस झाला की आधीचे दिवस विसरा, झाड पाहा. हलक्या माळरानावर 30 ते 35 दिवस, मध्यम ते भारी जमिनीत 40 ते 45 दिवस कोरडे मिळावे लागतात. दुपारी पाने मलूल होऊन वळतात, खालची पाने पिवळी पडतात. फांदी धरून हलवा. पिवळी पाने भराभर खाली आली तर लिटरला 1 मिली पुरे. थोडीच आली तर आठ दिवस थांबा. पाऊस सुटतच नसेल तर बहार पुढे ढकला. पंधरा दिवस उशिरा आलेला बहार चालतो, जाळलेली काडी चालत नाही.

पानगळ झाली की शेंड्याकडून 10 ते 15 सेंटिमीटर हलकी छाटणी, पेन्सिलीपेक्षा जाड काडीला हात लावायचा नाही. वाळकी, रोगट फांदी मात्र ठेवू नका. लगेच 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण, कृती पुढे) फवारा. मग आळ्यात खत: पाच वर्षांवरील झाडाला वर्षाला 625 ग्रॅम नत्र, 250 स्फुरद, 250 पालाश, स्फुरद-पालाश सगळे आणि नत्र निम्मे आता, उरलेले नत्र महिना-दीड महिन्याने. पहिले पाणी हलके. ताण तोडताना पाट भरून पाणी सोडणारे अजून आहेत, त्यांची कळी गळते आणि ते टॉनिक आणायला जातात.

आता मुद्द्याचे. कळी बाटलीतून येत नाही, मागच्या विश्रांतीत पोसलेल्या काडीतून येते. तोडणी झाली की बाग वाऱ्यावर सोडायची आणि बहाराच्या तोंडावर हजारो रुपयांचे "फुलोरा", "सेटिंग", "साईज" आणायचे, हे बंद करा. तोडणीनंतर तीन-चार महिने पूर्ण विश्रांती, झाडाला 20 ते 25 किलो कुजलेले शेणखत, दोन-तीन किलो निंबोळी पेंड आणि नियमित पाणी. वर्षाला एकच बहार. भाव चढला म्हणून दुसऱ्या बहाराची उरलीसुरली कळी ठेवणाऱ्या बागा मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या वर्षी त्यांत सरपणच उरते. दोन वर्षांच्या आतल्या झाडावर बहार धरूच नका, मग दुकानदार काहीही म्हणो.

प्रश्न: कळी फार गळते. एनएए या संजीवकाचे दोन हात झाले, तरी गळ थांबत नाही.

आधी गळलेली फुले ओंजळभर उचलून पाहा. बूड निमुळते, घंटेसारखे असेल तर ते नर फूल, ते गळणारच. त्यावर पैसे घालू नका. बूड फुगीर, सुरईसारखे असेल ते फळ धरणारे. तीच गळत असतील तर पाणी कमी-जास्त झाले का, फुलोऱ्यात कीटकनाशक मारले का, हे तपासा. मधमाशी मेली की सेटिंग, म्हणजे फळधारणा, गेली. एनएए 4.5 टक्के 100 लिटरला 22 मिली, एवढेच. "पंपाला एक टोपण" हे माप नव्हे. प्रमाण जास्त झाले की हेच औषध कळी गाळते. आणि झाडावर फळे 60 ते 80 ठेवा, बाकीची लहान असतानाच काढा.

प्रश्न: फळावर काळे डाग, त्यावर चीर. कार्बेन्डाझिम चार वेळा मारले, फरक नाही.

फरक पडणारच नाही. डागावर एल किंवा वाय आकाराची चीर म्हणजे तेल्या, आणि तेल्या जिवाणूचा आहे. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही. चार फवारण्यांचे पैसे गेले आणि त्या काळात पावसाच्या थेंबांनी रोग पुढच्या ओळीत गेला. त्यावर आता प्रतिजैविकाच्या पुड्या वाढवून मारू नका. जिवाणू सरावतो आणि पुढच्या वर्षी तीच पुडी काम करत नाही.

डागी फळे, पाने वेचून बागेबाहेर जाळा. बांधावर ढीग घालू नका. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, मजूर कुरकुरले तरी. पाने असताना बोर्डो अर्धा टक्काच. 1 टक्क्याने कोवळी पालवी करपते. ज्या गावात तेल्या आहे तिथे मृग (जून-जुलैचा) बहार धरू नका, हस्त बहारच धरा. मृगात फळ ऐन पावसात वाढते आणि रोगाला हवे ते सगळे मिळते.

बोर्डो घरीच करा. 1 टक्क्यासाठी मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत 50-50 लिटरमध्ये विरघळवा, थंड होऊ द्या, मग तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओता आणि ढवळा. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. तांबूस झाला तर चुना कमी पडला, निवळी थोडी-थोडी घाला. त्याच दिवशी संपवा. बोर्डोत दुसरे कोणतेही औषध मिसळू नका, "मिक्स चालतं" असे सांगणाऱ्याकडून लिहून घ्या, तो देणार नाही.

प्रश्न: फळे तडकतात. बोरॉन किती वाढवू?

वाढवू नका. आठ दिवस कोरडे आणि नवव्या दिवशी भरपूर पाणी, याने फळ तडकते. ड्रीप रोज किंवा दिवसाआड, वाफसा मोडू न देता. बोरिक ॲसिड लिटरला 1 ते 2 ग्रॅम. त्यापुढे पानांच्या कडा जळतात.

प्रश्न: नवीन लागवडीला अनुदान?

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के या हप्त्यांनी. अर्ज महाडीबीटीवर. ठिबकाचा अर्ज वेगळा. अटी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, एजंटाला पैसे देऊ नका. लागवड 4.5 बाय 3 मीटर. रोपे किंवा गुट्या (फांदीला मुळे फुटवून केलेली कलमे) तेल्या असलेल्या बागेतून आणू नका, पाहुण्यांची बाग असली आणि फुकट देत असले तरी. औषध घेताना पक्के बिल मागा; बिल न देणाऱ्याकडून इथ्रेलच काय, सुतळीही घेऊ नका.