सव्वापटीचा स्वेटर

"ताई, या वयात माझ्या डोक्यात शिरेल का हे?"

धुळ्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी किती जणींच्या तोंडून ऐकला, त्याची मोजदाद नाही. मोबाइलवर नोंदी भरताना रडकुंडीला आलेली अंगणवाडी सेविका, नवऱ्यामागे शेतीचा हिशोब अंगावर पडलेली बाई, पन्नाशीत स्कूटर शिकू पाहणारी शिक्षिका. शिकायला यांच्यापैकी कुणाचीच ना नसते. पहिली चूक होते, मग मनात एक बोलणं सुरू होतं आणि ते बोलणं यांना खाली बसवतं.

कमलताई अशाच आल्या. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. वय ५२, गाव शहादा तालुक्यातलं, तीस वर्षं दोन सुयांवर विणकाम. खान्देशचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो आणि पहाटे गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्याला स्वेटर लागतोच. त्यांच्या बचत गटाला १४ बायकांच्या स्वेटरची ऑर्डर मिळाली. मापं ३४ पासून ४६ पर्यंत, आणि माल सारंगखेड्याच्या यात्रेआधी द्यायचा. विणणाऱ्या पाच जणी, म्हणून प्रत्येक मापाचे टाके कमलताईंनी लिहून द्यायचे ठरलं. त्यांच्याकडे लिहिलेला नमुना एकच, ३६ चा. बाकी सगळं आजवर अंगाला लावून, नजरेने केलेलं.

पहिला प्रयोग त्यांनी मोठ्या जाऊबाईंवर केला. छाती ४४. छत्तीसाचे चव्वेचाळीस म्हणजे सव्वापटीच्या आसपास, म्हणून सगळंच सव्वापट केलं. बाहीची शिवण दंडावर उतरली, गळा खांद्यावरून घसरला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. रात्री कमलताईंनी अख्खा स्वेटर उसवला. तेव्हापासून झोप नाही, गटाच्या बैठकीला जाणं नाही. शेवटी मुलगी एसटीने धुळ्याला घेऊन आली.

"माले हिशोब येस नही, ताई," पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणत राहिल्या. नववीत गणितात गेल्या, वडिलांनी शाळा सोडवली. "आपल्याला डोकं नाही हे मला तेव्हाच कळलं."

"येईल हो" असं मी म्हटलं नाही. घरातले सगळे तेच म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, यांना काय माहीत. धीर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या शब्दांनी माणूस आणखी एकटा पडतो.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना ३६ चा स्वेटर आणि टेप घेऊन यायला सांगितलं.

"उसवलेल्या स्वेटरचं काय बिघडलं होतं, ते सांगा."

"मीच नालायक."

"तुमचं राहू द्या. स्वेटरचं सांगा."

त्यांनी स्वेटर टेबलावर पसरला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला, कारागिराचा झाला. "खांदा होता साडेपंधरा. सव्वापट केला, तर एकोणीसच्या वर गेला. जाऊबाईंचा नंतर मोजला, तर सतराच भरला."

"असं कसं? छाती तर वाढली."

"छाती वाढते, ताई. मांस वाढतं. हाड थोडंच वाढस!"

बोलल्या आणि थांबल्या. टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मीही काही बोलले नाही. अशा वेळी तोंड उघडायचं नाही, हे शिकायला मला फार वर्षं लागली. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आणि नववीतलं ते नापास होणं, ते तुम्ही कशाकशाला लावलंत?"

"सगळ्याला," त्या म्हणाल्या. "सगळ्यालाच सव्वापट लावलं."

डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर होती.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडले आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली. माणसाच्या एखाद्या कृतीला बरंवाईट म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला मार्क देऊ नका, हा तिचा गाभा. इतकी वर्षं मी तो परोपरीने समजावत आले आहे. त्या दिवशी मला दिसलं की समोरच्या बाईच्या हातात जे काम आहे, त्यातूनच तो तिच्यापर्यंत पोचतो. माझ्या तोंडून ऐकला असता तर कमलताईंनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा उसवत बसल्या असत्या.

मग शिकणं खरंच सुरू झालं. त्यांनी नमुन्याचा चौकोन विणला, धुतला, वाळवला आणि मग मोजला: चार इंचांत २२ टाके, म्हणजे इंचाला साडेपाच. छातीच्या मापात दोन इंच सैलपणा धरला. ४४ चे झाले ४६, पुढच्या भागाला २३ इंच, टाके एकशे साडेसव्वीस. बॉर्डर दोन सुलट, दोन उलट, म्हणून चाराने भागून दोन उरले पाहिजेत; १२६ धरले. गटातल्या बायकांची छाती, खांदा, दंड, मुंढा (बाही जोडायची जागा) सगळं वेगवेगळं मोजलं. ३४ पासून ४४ पर्यंत छाती दहा इंच वाढते, खांदा दोन-अडीच इंचच, उंची जवळपास तेवढीच, आणि दंडाचं तर प्रत्येकीचं निराळं. एकीची वीण घट्ट, तिचे चार इंचांत २४ टाके येत होते. तिला आठऐवजी सात नंबरची सुई दिली, कारण नंबर उतरतो तशी सुई जाड होते.

हे सगळं त्याच बाईने केलं, जिला हिशोब येत नव्हता.

तुम्हालाही हाच प्रश्न छळत असेल तर चुकलेली वस्तू फेकू नका, उसवू नका, निदान दुसऱ्या दिवसापर्यंत. ती समोर ठेवून नेमकं कुठे बिघडलं ते मोठ्याने सांगा, शक्य तर कुणाला तरी. त्या सांगण्यात "मी" आला की थांबा आणि पुन्हा वस्तूकडे या. सात मापं एकदम अंगावर घेऊ नका. कमलताईंनी आधी ३४, ४० आणि ४४ एवढीच केली. घरातल्यांनी धीर देण्याऐवजी "दाखव बरं" म्हणावं, त्याने जास्त काम होतं. आणि झोप, भूक दोन-तीन आठवडे गेलेली असेल, तर डॉक्टरांनाही भेटा, त्यात कमीपणा नाही.

शेवटच्या भेटीत कमलताईंनी वही दाखवली. पट्टीने आखलेले सात रकाने, पेन्सिलने लिहिलेले टाके. ४६ च्या रकान्यात मुंढ्याची जागा मोकळी होती. मी बोट ठेवलं.

"ते अजून कुणाला घालून पाहिलं नाही," त्या म्हणाल्या आणि वही पिशवीत टाकली. "सोमवारी पाहीन."